मास्तरांचं शेवटचं गिऱ्हाईक

आमच्या गल्लीतली माणसं पूर्वी मागून ओळखू यायची नाहीत. पुढून प्रत्येकाचा आपापला नमुना, पण पाठ फिरली की सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. पोस्टमन, मुख्याध्यापक, गॅरेजवाला, गॅरेजवाल्याचा सासरा, सगळ्यांच्या मानेवर तीच एक सरळ रेघ. एकदा मुख्याध्यापकांच्या बायकोने भर बाजारात गॅरेजवाल्याच्या पाठीवर थाप मारून 'पिशवी धरा' म्हटलं होतं, आणि त्या बिचाऱ्याने ती घरापर्यंत आणून दिली. त्यात तसं काही नव्हतं हो, पण आम्हाला तो विषय पुरला बरेच दिवस.

याचं कारण गल्लीच्या तोंडाशी असलेलं सलून. तिथे कारागीर एक, खुर्ची एक, आणि कटसुद्धा एकच. तुम्ही 'एकदम बारीक करा' म्हणा, नाहीतर 'नुसतं वरवर घ्या' म्हणा. तो गृहस्थ मान डोलवायचा, पाण्याचा फवारा मारायचा आणि मीडियम कापायचा. म्हणून तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि पाठीमागे मीडियम. हे त्यांच्या कानावर होतं. सलूनमध्ये बसणाऱ्याच्या कानावर काय नसतं?

मास्तरांची कापायची एक लकब होती. कात्री थोडी चालली की हात थांबायचा. मान तिरकी व्हायची, डावा डोळा मिटायचा, आणि मास्तर दोन पावलं मागे सरायचे. दोन्ही कल्ले एका पातळीत आले का, मानेवरची रेघ सरळ आली का, हे लांबून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. दुकान एवढं अरुंद की मागे सरले की पाठ भिंतीला टेकायची. तेवढ्या जागेवरचा रंग उडून आतला गिलावा दिसायला लागला होता. पुढे येताना म्हणायचे, "हलू नका." गिऱ्हाईक दगडासारखं बसलेलं असलं तरी म्हणायचे.

वय झालं तसं दुकान भाच्याकडे गेलं. भाच्याने भिंतींना काळा रंग दिला, डोक्यावर नकाशे काढणारी मशीनं आणली, आणि जुना मोठा आरसा नि जुनी वर-खाली होणारी खुर्ची टेम्पोत घालून मामांच्या घरी पाठवून दिली. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, दोन्ही वस्तू अडगळीच्या खोलीत टाकल्या आणि वर जुनी चादर घातली. "माणूस घरी आला ते एक ठीक आहे," त्या मला म्हणाल्या, "दुकानही घरी आलंय."

घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. पुढे अंगण आणि अंगण संपतं तिथे रस्त्याच्या बाजूने, फाटकापुरती जागा सोडून, झुडपांचं कुंपण, माणसाच्या डोक्यावरून जाणारं, दाट, चारी दिशांना शेंड्या उभ्या राहिलेलं. दुकानात होते तोवर मास्तरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांची नजर त्याच्यावर पडली, आणि मी माझ्या दारातल्या बाकावरून उघड्या फाटकातून पाहिलं ना, ती नजर ओळखीची होती. दाढी वाढवून कुणी दुकानात शिरलं की अशीच पडायची.

त्यांनी मोठ्या दांड्याची कात्री आणली. आधी सगळ्या कुंपणावर फवारा मारला. मग कंगव्याऐवजी हाताने फांद्या उलट्या फिरवून कुठे किती वाढलंय ते पाहिलं. कापून झाल्यावर मऊ ब्रशने पानांवरचा कचरा झाडला. नशीब, पावडर लावली नाही. कट कुठला दिला ते सांगायला नको.

आता अडचण अशी की कुंपण उंच आणि मास्तर बेताच्या उंचीचे. म्हणून ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढायचे, तेही घरातल्या चपला घालून. खालचं काम होतं तोवर मागे सरायला अख्खं अंगण होतं. पण वरची रेघ स्टुलावर उभं राहून धरायची, आणि सवय काही स्टूल बघून थांबत नाही. एका सकाळी डाव्या टोकाला हात थांबला, मान तिरकी झाली, डोळा मिटला, आणि मास्तर लांबून बघायला मागे सरले.

सलूनमध्ये मागे भिंत होती. इथे काहीच नव्हतं.

मी धावलो. म्हणजे माझ्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. मास्तर फुलझाडांच्या वाफ्यात उताणे पडले होते, कात्री सुदैवाने लांब उडाली होती, उजवं मनगट भलत्याच कोनात होतं, आणि ते आकाशाकडे बघत मला विचारत होते, "डावी बाजू वर राहिलीय का हो?"

त्यांची लेक हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. गल्लीतल्या सगळ्यांचे हातपाय तिच्या हाताखालून गेलेत, म्हणून तिला आम्ही प्लास्टरबाई म्हणतो. तिने बापाचं मनगट एक शब्द न बोलता नीट बांधलं, आणि बांधून झाल्यावर जे बोलायला लागली ते घरी येईपर्यंत थांबली नाही. बागकामाने आडवी झालेली माणसं म्हणे तिच्याकडे रांग लावून असतात. कुणी दाताळं दात वर करून गवतात टाकतो, मग त्याच दातांवर पाय देतो आणि दांडा कपाळावर घेतो. कुणी मातीने भरलेली कुंडी कमरेतून वाकून उचलतो आणि तसाच वाकलेला दवाखान्यात येतो. कुणी बोटातला काटा दातांनी काढतो आणि आठवड्याने सुजलेलं बोट घेऊन येतो. "पण मागे सरून बघायला म्हणून स्टुलावरून चालत गेलेला," ती म्हणाली, "हा माझा पहिलाच."

मग तिने निकाल दिला. पुन्हा एकदा पडलात तर हे कुंपण मुळासकट काढायचं आणि तिथे पत्रा ठोकायचा. वहिनींनी लगेच होकार दिला. पत्र्याचा रंगही ठरला, राखाडी. मास्तर प्लास्टरमधल्या हाताकडे बघत बसून राहिले. बाप-लेकीत लेक वरचढ हे आम्हाला ठाऊक होतं, तेव्हा पत्रा आलाच असं धरून आम्ही बाकावर पुढच्या विषयाकडे वळलो.

संध्याकाळी मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. नजर समोरच्या कुंपणावर. मग म्हणाले, "दुकान गेलं. गिऱ्हाईकं भाच्याकडे गेली. तुमच्या डोक्यावर तर कापण्यासारखं काही राहिलंच नाही. हे एकच गिऱ्हाईक उरलंय, वाढून परत येतं. तेही काढायचं म्हणते."

माझ्या डोक्याचा उल्लेख अनावश्यक होता, पण माणूस दुःखात होता म्हणून मी सोडून दिलं. उलट प्लास्टरबाई घरी आली तेव्हा मी मध्यस्थी केली. मध्यस्थी म्हणजे काय, चहा होईपर्यंत मी उठलोच नाही. शेवटी ती एवढ्यावर आली: हात सुटून त्यात बळ आलं की एका रविवारी ती स्वतः उभी राहून बघेल. अख्खं कुंपण तिच्यासमोर कापायचं. वर असताना एकदाही पाऊल मागे गेलं, पडोत न पडोत, पत्रा. आणि स्टूल बाद, आजपासून.

स्टुलाचा प्रश्न सोपा होता. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडे त्याचा घोडा होता, म्हणजे दोन तिवयांवर टाकलेली रुंद फळी, चढायला पायऱ्या आणि धरायला एका टोकाला कठडा. तो त्याने आनंदाने दिला, कारण मास्तरांनी त्याच्या लग्नाच्या दिवशी फुकट दाढी केली होती. अर्थात तीही मीडियमच.

प्रश्न पावलांचा होता. प्लास्टर होतं तेव्हापासूनच मास्तरांनी सराव सुरू केला. अंगणात जमिनीवर एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, डाव्या हातात कात्रीऐवजी वहिनींचा चिमटा घ्यायचा आणि हवेत कापायचं. मागे सरायचं नाही. एवढंच. चिमटा थोडा चालला की हात थांबायचा, मान तिरकी व्हायची, आणि मास्तर फळीवरून खाली. त्यांना पत्ताही नसायचा. 'आता नाही हं सरलो' असं ते जमिनीवर उभं राहून सांगायचे.

वहिनींनी फळीमागे ओलं पायपुसणं ठेवलं. मास्तर ओल्या पायपुसण्यावर उभे राहिले. त्यांनी पाण्याचं घमेलं ठेवलं. मास्तर घमेल्यात उभे राहिले आणि आजची हवा गार आहे म्हणाले. मुख्याध्यापकांनी कमरेला दोरी बांधायची कल्पना काढली, ती प्लास्टरबाईने फोनवरच मोडीत काढली. नुसती दोरी बांधली की माणूस पडायचा थांबत नाही, तो पडून लटकतो, आणि लटकलेल्याला सोडवताना आणखी दोघे पडतात, असं तिचं म्हणणं. गॅरेजवाला म्हणाला, मास्तरांच्या मागे आपण एक भिंत बांधू. ही सूचना सगळ्यांना पटली होती, फक्त भिंत घोड्याबरोबर कुंपणभर सरकवायची कशी एवढंच राहिलं.

वहिनी संतापायच्या आणि हसायच्या, दोन्ही एकदम. "संसारात यांचं पाऊल कधी मागे गेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आता पुढे राहा म्हटलं तर राहत नाही."

प्लास्टर निघालं. लेकीने ओला स्पंज दाबायचा व्यायाम सांगितला. तो मास्तर दोन दिवस करून कंटाळले आणि त्यांची नजर माझ्या मानेवर गेली. डोक्यावर काही नसलं तरी मानेवर थोडी लव येते माझ्या, अजून येते. तेवढी काढून देतो, हातही मोकळा होईल, असं म्हणून त्यांनी अडगळीतली जुनी खुर्ची बाहेर काढायला लावली. मी अंगणात घराकडे तोंड करून बसलो. कुंपण माझ्या पाठीशी. बऱ्याच दिवसांनी हात चालणार, कान जाईल की राहील कुणास ठाऊक, म्हणून मी नजर ठेवायला वहिनींचा हातात धरायचा आरसा मागून घेतला.

आरशात माझा कान दिसला, तो शाबूत होता. मास्तर दिसले. आणि माझ्या खांद्यावरून मागचं अख्खं कुंपण दिसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला चिडवायची लहर आली. म्हटलं, मास्तर, माझ्या मानेचं सोडा, तुमचं डावं टोक अजून वर आहे.

"बसल्या जागी कसं दिसलं तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

मी आरसा वर धरला. त्यांनी तो घेतला, कुंपणाकडे पाठ करून उभे राहिले, आणि खांद्यावरून बघायला लागले. आरसा जवळ घेतला, लांब धरला, इकडे तिकडे वळवला. मग तो माझ्या मांडीवर ठेवून ते सरळ अडगळीच्या खोलीत शिरले. आतून चादर झटकल्याचा आणि काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. माझी मान अर्धी झाली होती. ती त्या दिवशी अर्धीच राहिली. संध्याकाळी बायकोने विचारलं, भांडलात का कुणाशी.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आणि रंगारी यांनी मिळून सलूनचा मोठा आरसा घराच्या पुढच्या भिंतीवर बसवला, बरोबर कुंपणासमोर. आता मास्तर घोड्यावर चढून कुंपण कापत असले की आरसा त्यांच्या मागे. थांबायचं, कठडा धरायचा, मान वळवायची, आणि कुंपण कसं दिसतं? अंगण ओलांडून, भिंतीपाशी जाऊन, वळून बघावं त्याहूनही लांबून. दोन पावलं मागे सरून जेवढं दिसलं असतं त्याच्या कितीतरी पट. डावं-उजवं उलट दिसतं म्हणून दुसरा कुणी गोंधळला असता, पण मास्तरांनी सगळी गल्ली जन्मभर उलटीच पाहिलेली.

आरशाचे तापही झाले. दुपारच्या उन्हात तो फाटकातून समोरून येणाऱ्या सायकलवाल्यांचे डोळे दिपवायला लागला, आणि एक चिमणी स्वतःशीच भांडून दमून गेली. म्हणून वहिनींनी त्याला पडदा शिवला. कापायच्या वेळी उघडायचा, एरवी बंद. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. त्या आरशात माझ्या बाकावरून गल्लीचं मागचं वळण दिसायचं, आणि कोण कुणाकडे किती वेळ थांबलं हे कळायला मान वळवावी लागत नव्हती.

खुर्चीचं तर भलतंच झालं. ती माझ्या अर्ध्या मानेसकट अंगणातच राहिली होती, आणि वहिनींना कुंडीतली माती बदलायची होती. वाकलं की त्यांची कंबर धरायची. त्यांनी रिकामी कुंडी खुर्चीत ठेवली, पायाने दांडा दाबला, कुंडी वर आली. आणखी दाबला, थेट पोटापर्यंत आली. मग माती थोडी थोडी करून डब्याने घातली. रोप लावून झाल्यावर खुर्ची हळूच फिरवून चारी बाजूंनी पाहिलं. त्या दिवसापासून त्या अडगळीबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. मास्तरांनी एकदा कुंडीच्या गळ्याला कापड बांधलं तेव्हा मात्र बोलल्या.

रविवार आला. प्लास्टरबाई पिशवी घेऊन आली. पिशवीतून जाड हातमोजे निघाले, डोळ्यांवर लावायचा चष्मा निघाला, टाच धरणारे बूट निघाले. चपला घालून घोड्यावर पाय ठेवलात तर इथेच खेळ संपला, असं तिने बजावलं. मग तिने बापाला खांदे फिरवायला लावले, मनगटं हलवायला लावली, कंबर हळूहळू सैल करायला लावली. अंगणाच्या कडेला आम्ही सगळे जमलो होतो आणि हसत होतो. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग मुख्याध्यापक, रंगारी, मी, सगळेच खांदे फिरवायला लागलो. माझा खांदा कटकन वाजला आणि बरा वाटला.

अंगण झाडून काढलं होतं. दाताळं भिंतीला दात लावून उभं केलं होतं. घोड्याचे पाय सपाट जागी आहेत का ते रंगाऱ्याने स्वतः बसून पाहिलं. वहिनींनी पडदा सरकवला. मास्तर पायऱ्या चढले.

उजव्या टोकापासून सुरुवात केली. कात्री चालायला लागली आणि आम्ही गप्प झालो, कारण तो आवाज आमच्या सगळ्यांच्या कानामागे लहानपणापासून वाजलेला. हात पोचेना झाला की मास्तर ताणत नव्हते; खाली उतरायचे, घोडा पुढे सरकवायचे, पुन्हा चढायचे. मध्येच वहिनींनी पाणी दिलं तर खाली बसून प्याले, मनगट झटकलं. लेक हाताची घडी घालून उभी होती आणि तिची नजर फक्त बुटांवर होती.

घोडा डाव्या टोकाला आला. तीच जागा. कात्री चालता चालता थांबली. मान तिरकी झाली. डावा डोळा मिटला. आणि मागच्या बुटाची टाच उचलली गेली.

मी आजवर बरेच सामने पाहिलेत, पण एका टाचेकडे एवढी माणसं श्वास रोखून बघताना पाहिली नाहीत. वहिनींनी पडद्याचं टोक मुठीत धरलं होतं. टाच तशीच हवेत राहिली. मग हळूच खाली टेकली, होती तिथेच. मास्तरांनी कठडा धरला, मान वळवली आणि आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वळून शेंड्याचा एक तुकडा उडवला आणि उतरायला लागले.

रंगाऱ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. प्लास्टरबाईचा चेहरा मात्र हलला नव्हता. ती कुंपणाकडे बघत होती.

"डावीकडे वर आहे अजून," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, नाही. ती म्हणाली, आहे. मास्तर म्हणाले, तू हाडं बघ. ती म्हणाली, मला सरळ रेघ कळते, तुमच्याच घरात वाढलेय. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने चष्मा लावला, हातमोजे घातले, कात्री घेतली आणि स्वतः घोड्यावर चढली. तिने थोडं कापलं. खरं सांगतो, थोडं वर होतंच. मग तिचा हात थांबला. तिची मान तिरकी झाली. चष्म्याआडचा डावा डोळा मिटला, आणि बाईसाहेब लांबून बघायला मागे सरल्या.

पाऊल फळीच्या कडेवर पडलं, पण पुढे गेलं नाही. कारण खाली मास्तर उभे होते आणि त्यांचा तळहात आधीच तिच्या पाठीवर टेकलेला होता, जुन्या दुकानातल्या भिंतीसारखा.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले.

ती हलली नाही. मान तेवढी वळवून तिने आरशात पाहिलं. आरशात ती होती, एक डोळा अजून मिटलेला. मागे कुंपण होतं. कुंपणापाशी जमलेली अख्खी गल्ली होती, आणि गल्ली पोट धरून हसत होती. आधी तिचे ओठ हलले, मग खांदे, मग ती एवढी हसायला लागली की तिच्या हातातून कात्री काढून घ्यावी लागली आणि तिघांनी धरून तिला खाली आणावं लागलं. वहिनी पडद्याने डोळे पुसत होत्या. "माझ्या नशिबी दोन निघाले," एवढंच त्यांच्या तोंडून फुटत होतं.

पत्र्याचं नाव त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही. प्लास्टरबाईने नवा नियम केला. एकट्याने वर चढायचं नाही; एक वर, एक खाली, पाठीशी हात धरून. तो तिलाही लागू आहे. त्यामुळे आता कुंपण वाढलं की ती सुट्टी काढून येते. आधी दोघं अंगणात उभे राहून खांदे फिरवतात, मग पडदा सरकतो, मग आळीपाळीने चढतात आणि डावं टोक वर आहे की नाही यावर भांडतात. दवाखान्यातही म्हणे तिने प्लास्टर घालायच्या टेबलामागे एक स्टूल होतं ते हलवलं आहे. का, ते ती सांगत नाही. तिच्या शेजारणीने मला सांगितलं.

माझी मान मास्तरांनी नंतर पुरी केली. परवा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मी कुंपणाकडे पाहत होतो. वर सरळ रेघ, बाजू नीट बसवलेल्या, ना बारीक ना वाढलेलं. मागून बघितलं तर आमच्यातलंच कुणीतरी पाठ करून उभं आहे असं वाटतं. मुख्याध्यापकांच्या बायकोला मात्र मी त्या बाजूने जाऊ देत नाही. ती त्याच्याही पाठीवर थाप मारून पिशवी धरायला लावेल.